अमेरिकेतली पक्षाची राष्ट्रीय अधिवेशनं आणि त्यातले वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या ऑगस्टात शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं, तेव्हा आठवडाभर माझा फोन थांबत नव्हता. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, म्हणून सगळ्यांना वाटायचं की याला माहीत असणार. इचलकरंजीचे मामा, पुण्याची आतेबहीण, इथल्या महाराष्ट्र मंडळातले मित्र, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. एवढे फुगे, एवढी गाणी, मग भांडण कशावरून? आणि भर निवडणुकीत आपल्याच पक्षाशी कुणी भांडतं का?

ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींची लांबली आहेत, कारण तिथे माणसांनी बरंच सोसलंय आणि ते घाईत सांगायला मन होत नाही.

उमेदवार तर आधीच ठरलेला असतो. मग अधिवेशन कशाला?

लोक प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, मत देतात ते वरवर पाहता उमेदवाराला, पण त्या मतांवरून निवडले जातात ते प्रतिनिधी. हे प्रतिनिधी अधिवेशनात जमतात, राज्याराज्याचं नाव पुकारलं जातं, आणि निम्म्याहून जास्त मतं मिळाली की पक्षाची अध्यक्षपदाची अधिकृत उमेदवारी जाहीर होते. उपाध्यक्षपदाचा उमेदवार, पक्षाचा जाहीरनामा आणि अधिवेशनाचे नियम यांवरही शिक्कामोर्तब तिथेच होतं. चार दिवसांपुरती ती पक्षाची सर्वोच्च सभा असते.

निकाल मात्र बहुतेक वेळा आधी ठाऊक असतो, हे खरं. पहिल्या फेरीत बहुमत मिळालं नाही आणि पुन्हा मतदान घ्यावं लागलं, असं शेवटचं घडलं १९५२ साली. शिकागोतल्या त्या अधिवेशनात अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना तिसऱ्या फेरीत उमेदवारी मिळाली. सभागृहात बसेपर्यंत खरोखरच काही नक्की नाही, अशी वेळ रिपब्लिकन पक्षावर १९७६ साली कॅन्सस सिटीत आली होती. विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना १,१८७ आणि आव्हान देणाऱ्या रोनाल्ड रेगन यांना १,०७० मतं पडली. जिंकायला १,१३० लागत होती.

मग वाद होतो तो कशावर?

तीन गोष्टींवर: आत कोण बसणार, कामकाज कुठल्या नियमाने चालणार, आणि जाहीरनाम्यात काय लिहायचं. प्रत्येकाची वेगळी समिती असते. समितीत हरलेल्या गटाने पुरेशा सह्या जमवल्या, म्हणजे साधारण समितीच्या एक चतुर्थांश सभासदांच्या, तर त्यांची भिन्नमतपत्रिका मुख्य सभागृहापुढे येते आणि तिच्यावर उघड चर्चा व मतदान घ्यावं लागतं. म्हणूनच पक्षाची यंत्रणा त्या सह्या होऊ नयेत यासाठी जिवापाड धडपडते.

बाहेरून बघणाऱ्याला उमेदवाराची लढत मोठी वाटते. मला विचाराल तर सर्वांत मोठा वाद पहिला आहे: आत कोण बसणार. पुढे हेमरबाईंची गोष्ट येते, ती त्याचसाठी.

आवाजी मतदान म्हणजे काय? ते खरं असतं का?

साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, पुढच्या रांगा ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात, मागून ‘नामंजूर’चा आवाज येतो, आणि तोवर विषय क्रमांक पाच सुरू झालेला असतो. माझे वडील ऊस घालणारे सभासद होते. लहानपणी त्यांच्याबरोबर मांडवात बसलो की वाटायचं, मागच्या लोकांचा आवाज वरपर्यंत पोचत नसेल. मोठा झाल्यावर कळलं की आवाज पोचत होता.

२०१२ साली शार्लटमध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनात हुबेहूब हेच घडलं. जाहीरनाम्यातून देवाचा उल्लेख आणि जेरुसलेम ही इस्रायलची राजधानी असल्याचं वाक्य गळलं होतं, ते परत घालायची दुरुस्ती आली. तिला दोन तृतीयांश पाठिंबा हवा होता. अध्यक्षस्थानी लॉस एंजेलिसचे महापौर अँटोनियो व्हियारायगोसा होते. त्यांनी कौल मागितला. ‘हो’ आणि ‘नाही’ सारख्याच जोराचे आले. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ते थांबले, बाजूला पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती मंजूर झाल्याचं सांगितलं. सभागृहात आरडाओरडा झाला. ही चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. दुरुस्ती बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा, पण हात मोजले असते तर पाच मिनिटं गेली असती. ती पाच मिनिटं द्यायला हवी होती.

रिपब्लिकन पक्षात २०१६ ला क्लीव्हलँडमध्ये तसाच प्रसंग आला. डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीला विरोध असलेल्या प्रतिनिधींना नियमांवर राज्यवार मतमोजणी हवी होती. त्यासाठी सात राज्यांच्या प्रतिनिधींची मागणी लागते. त्यांनी सह्या दिल्या, मग काही राज्यांतल्या सह्या मागे घेतल्या गेल्या, आणि व्यासपीठावरून सांगण्यात आलं की सातचा आकडा भरत नाही. आवाजी मतदानाने नियम मंजूर झाले. कोलोरॅडोच्या प्रतिनिधींनी सभात्याग केला.

अधिवेशनाची ही पद्धत सुरू कधी झाली?

१८३१ साली बाल्टिमोरमध्ये, अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षाने सुरू केली. त्याआधी उमेदवार ठरवायचे ते काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, त्या त्या पक्षाचे सभासद, बंद खोलीत. १८३२ ला डेमोक्रॅट्सनीही बाल्टिमोरमध्येच पहिलं अधिवेशन भरवलं आणि उमेदवाराला दोन तृतीयांश मतं लागतील असा नियम केला. तो नियम १९३६ पर्यंत टिकला, आणि त्याने दक्षिणेतल्या राज्यांच्या हातात शंभर वर्षं नकाराधिकार दिला.

त्याच नियमामुळे १९२४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उमेदवार ठरायला १०३ फेऱ्या लागल्या. पण त्या अधिवेशनातली मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही, यावर जाहीरनाम्यात वाद झाला आणि निषेधाची बाजू जेमतेम एका मताच्या आसपासच्या फरकाने हरली.

जाहीरनाम्यातलं एखादं कलम कोण वाचतं? त्याने खरंच काही बदलतं?

१९४८ साली बदललं.

फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक अधिवेशन होतं. अध्यक्ष हॅरी ट्रुमन निवडून येतील असं फार थोड्यांना वाटत होतं. नागरी हक्कांबद्दल मोघम लिहून दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना सांभाळायचं, असा पक्षश्रेष्ठींचा बेत होता. मिनियापोलिसचे महापौर ह्युबर्ट हंफ्री तेव्हा ३७ वर्षांचे होते. त्यांनी भिन्नमतपत्रिका मांडली आणि जेमतेम दहा मिनिटांचं भाषण केलं. पक्षाने राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर पडून मानवी हक्कांच्या लख्ख उन्हात चालायला लागावं, असं ते म्हणाले. असं बोलू नकोस, तुझं राजकारण इथेच संपेल, असं त्यांना आदल्या रात्रीपर्यंत समजावलं जात होतं.

कलम ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी मंजूर झालं. (अर्ध्या मताबद्दल नेहमी विचारणा होते. काही राज्यं ठरलेल्या मतांपेक्षा जास्त माणसं पाठवत, मग एकेकाच्या वाट्याला अर्धं किंवा पाव मत येई.) मिसिसिपीचे सगळे आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी उठून गेले. त्या बंडखोरांनी स्ट्रॉम थरमंड यांना वेगळं उभं केलं आणि त्यांनी चार राज्यं जिंकली. तरीही ट्रुमन निवडून आले. अधिवेशन संपून दोन आठवडे व्हायच्या आत, २६ जुलैला, त्यांनी सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा आदेश काढला होता.

हंफ्री हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या दोन्ही गोष्टींत ते आहेत, आणि दोन्ही वेळा त्यांची जागा बदललेली आहे.

फॅनी लू हेमर कोण होत्या?

मिसिसिपीतल्या रूलव्हिल गावाजवळ कापसाच्या मळ्यात राबणारी बाई. ऑगस्ट १९६२ मध्ये त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियनोला या तालुक्याच्या गावी गेल्या. अठरा वर्षं ज्या मळ्यावर काम केलं होतं, तिथून त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये मतदार शिक्षणाच्या कार्यशाळेवरून परतताना विनोना गावी त्यांना अटक झाली. तुरुंगात दोन काळ्या कैद्यांच्या हातात दांडकं देऊन त्यांना मारायला लावलं गेलं. एक थकला तेव्हा दुसऱ्याने घेतलं. त्या माराने त्यांच्या मूत्रपिंडाला कायमची इजा झाली.

मिसिसिपीतून अधिवेशनाला जाणारे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी सगळे गोरे असत, कारण काळ्यांना पक्षाच्या सभांतच येऊ देत नसत. म्हणून १९६४ च्या उन्हाळ्यात तिथल्या कार्यकर्त्यांनी स्वतःचा मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी हा पक्ष काढला, पक्षाचे नियम अक्षरशः पाळून सभा घेतल्या, ६८ जण निवडले, आणि बसने अधिवेशनाचं गाव, अटलांटिक सिटी, गाठलं. पक्षाच्या नियमाने निवडून आलो ते आम्ही, खुर्च्या आमच्या आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

२२ ऑगस्टला हेमरबाई प्रतिनिधींची पात्रता तपासणाऱ्या समितीपुढे बसल्या. हातात कागद नव्हता. नाव, पत्ता सांगून सुरुवात केली आणि जे झालं ते एकामागून एक सांगत गेल्या. व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली, म्हणजे कॅमेरे तिकडे वळतील. कॅमेरे वळलेही. पण त्याच संध्याकाळी वाहिन्यांनी बाईंची साक्ष पुन्हा दाखवली, आणि दुपारी दिसली असती त्याहून कितीतरी जास्त घरांत ती दिसली. माणसासारखं जगायचं म्हणतो म्हणून रोज जिवे मारायच्या धमक्या येतात, फोन बाजूला काढून झोपावं लागतं, हीच का ती अमेरिका, असं त्यांनी शेवटी विचारलं.

तडजोड काढायचं काम जॉन्सन यांनी दिलं हंफ्रींना. उपाध्यक्षपदाची उमेदवारी त्यावरच अवलंबून होती. तडजोड अशी: ६८ पैकी दोघांना मानाच्या जागा, आणि १९६८ पासून वर्णभेद करून निवडलेले प्रतिनिधी चालणार नाहीत असं वचन. ते दोघे कोण, हेही पक्षानेच ठरवलं होतं. आपण एवढं अंतर दोन खुर्च्यांसाठी आलो नाही, असं म्हणून हेमरबाईंनी ते झिडकारलं.

हे वचन घ्यायला हवं होतं, असं माझे काही मित्र म्हणतात. चार वर्षांनी ते पाळलं गेलं, १९६८ ला हेमरबाई खरोखर प्रतिनिधी म्हणून आत आल्या आणि सभागृह उभं राहिलं. पण दोन खुर्च्या मुकाट घेतल्या असत्या, तर ते वचन पाळायची लाज कुणाला वाटली असती?

१९६८ ला शिकागोत नक्की काय झालं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेकांना लाठ्या आणि अश्रुधूर आठवतो. सभागृहातला वाद विसरला जातो, आणि मूळ गोष्ट तर तिथे आहे.

वर्षच भयंकर होतं. व्हिएतनाम युद्ध चिघळलेलं. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये, कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्री, रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. युद्धाला विरोध करणारे यूजीन मॅकार्थी प्रायमरी लढत होते. उपाध्यक्ष हंफ्री एकही प्रायमरी लढले नाहीत. त्याची गरजच नव्हती, कारण बहुतेक राज्यांत प्रतिनिधी पक्षाचे पुढारी ठरवत आणि पुढारी त्यांच्या बाजूने होते. लोकांनी प्रायमरीत युद्धाविरुद्ध मत दिलं होतं, आणि उमेदवार होणार होता युद्ध चालवणाऱ्या सरकारचा उपाध्यक्ष.

अधिवेशन २६ ते २९ ऑगस्ट, जनावरांच्या बाजारालगतच्या इंटरनॅशनल अ‍ॅम्फिथिएटरमध्ये. भोवती काटेरी तारांचं कुंपण. महापौर रिचर्ड डेली यांनी सुमारे १२ हजार पोलिसांना बारा-बारा तासांच्या पाळ्या लावल्या होत्या. नॅशनल गार्ड आणि लष्कराच्या तुकड्या वेगळ्या. आंदोलकांना उद्यानात रात्री थांबायची परवानगी नाकारली होती.

बुधवारी, २८ तारखेला दुपारी, जाहीरनाम्यातल्या व्हिएतनामच्या कलमावर सुमारे तीन तास चर्चा झाली. समितीच्या बहुमताचं कलम जॉन्सन यांच्या धोरणाला धरून होतं. अल्पमताचं कलम म्हणत होतं: उत्तर व्हिएतनामवरचा बॉम्बवर्षाव विनाअट थांबवा आणि दोन्ही बाजूंनी टप्प्याटप्प्याने सैन्य मागे घ्या. मधली वाट काढायला हंफ्री स्वतः तयार होते, पण जॉन्सन यांनी ती हाणून पाडली, आणि हंफ्री गप्प बसले. फिलाडेल्फियात वीस वर्षांपूर्वी अल्पमताची बाजू घेऊन उभा राहिलेला तो तरुण महापौर आता उमेदवारीच्या एक पाऊल अलीकडे होता.

निकाल: १,५६७¾ विरुद्ध १,०४१¼. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि नागरी हक्क चळवळीचं गाणं म्हणायला सुरुवात केली. वाद्यवृंद दुसरं काही वाजवत राहिला, तरी गाणं थांबलं नाही.

संध्याकाळी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, हिल्टन हॉटेलसमोर, पोलीस जमावावर तुटून पडले. पंधरा-वीस मिनिटं जे चाललं त्यात आंदोलक, पत्रकार, डॉक्टर, नुसते उभे असलेले लोक, कुणाचीही गय झाली नाही. हॉटेलच्या तळमजल्यावरच्या बारची मोठी काच मागून रेटलेल्या माणसांच्या भाराने फुटली, माणसं काचांवरून आत कोसळली, आणि पोलिसांनी आत शिरून त्यांना झोडपलं. त्या कोपऱ्यावर मी कित्येकदा उभा राहिलो आहे. समोर ग्रँट पार्कची झाडं, मागे तलाव, रस्ता चांगलाच रुंद. पळायला एवढी जागा असताना माणसं काचेवर चिरडली गेली, याचा अर्थ त्यांना सगळीकडून घेरलं होतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय मला कळलं नव्हतं. ‘सारं जग बघतंय’ ही घोषणा तिथलीच.

या मारहाणीच्या चित्रफिती सभागृहापर्यंत पोचल्या तेव्हा उमेदवारांची नावं सुचवणं चालू होतं. कनेक्टिकटचे सिनेटर अब्राहम रिबिकॉफ जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं नाव सुचवायला उभे होते. शिकागोच्या रस्त्यांवर गेस्टापोसारखे (म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखे) प्रकार चालले आहेत, असं ते व्यासपीठावरून म्हणाले. इलिनॉयचे प्रतिनिधी अगदी पुढे बसले होते, आणि महापौर डेली जागेवरून त्यांच्यावर ओरडत असल्याचं देशाने पाहिलं. सत्य पचवणं किती अवघड असतं, असं रिबिकॉफ खाली बघून म्हणाले.

हंफ्रींना पहिल्याच फेरीत साडेसतराशेहून जास्त मतं मिळाली. आठवडाभरात ६६८ लोकांना अटक झाली होती. नंतर नेमलेल्या चौकशी पथकाच्या अहवालाने झाल्या प्रकाराला पोलिसांचा दंगा म्हटलं.

त्यानंतर काय बदललं?

१९६९ ला पक्षाने मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. प्रतिनिधी कसे निवडायचे याचे लेखी नियम झाले. पुढाऱ्याने खिशातून यादी काढायची पद्धत बंद झाली आणि बहुतेक राज्यांनी सोपा मार्ग म्हणून प्रायमरी घेतल्या. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने आला, कारण प्रायमरीचे कायदे राज्यांनी दोन्ही पक्षांसाठी केले. डेमोक्रॅटिक प्रतिनिधींत १९६८ ला सुमारे १३ टक्के स्त्रिया होत्या, १९७२ ला ४० टक्के. आज अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार सामान्य मतदार निवडतो, ती सवय जेमतेम पन्नास वर्षांची आहे आणि ती शिकागोतल्या हरलेल्या बाजूने मिळवलेली आहे.

१९८४ पासून सुपरडेलिगेट आले. म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना आपोआप मत. २०१६ ला बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी त्यावर रान उठवलं, आणि २०१८ ला नियम झाला की लढत असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेट मत देणार नाहीत. पुन्हा हरलेल्यांनीच बदल घडवला.

पण भर निवडणुकीत असं भांडल्याने पक्ष हरतो ना?

मामांचा हा आवडता मुद्दा. १९६८ ला डेमोक्रॅट्स हरले, १९७६ ला फोर्ड हरले, १९८० ला टेड केनेडींनी शेवटपर्यंत झुंज दिली आणि जिमी कार्टर हरले. यादी मोठी आहे हे मान्य.

पण १९४८ ला पक्षाचे दोन तुकडे पडून ट्रुमन जिंकले. २०१६ ला क्लीव्हलँडमध्ये टेड क्रूझ यांनी व्यासपीठावरून ट्रम्प यांना पाठिंबा द्यायचं टाळलं, लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, आणि ट्रम्प नोव्हेंबरात जिंकले. माझं मत असं की भांडण हे दुखण्याचं लक्षण असतं. १९६८ ला पक्ष हरला तो युद्धामुळे, आणि ते युद्ध अधिवेशनात कुणी ओरडलं म्हणून सुरू झालेलं नव्हतं. पुरावाच हवा असेल तर हा घ्या: ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीत हंफ्रींनी अखेर जॉन्सनपासून वेगळी भूमिका घेतली आणि शांततेसाठी बॉम्बवर्षाव थांबवायचा धोका पत्करू म्हणाले. सभागृहात हरलेल्या कलमाच्या ते जवळ गेले. त्यानंतर ते झपाट्याने वर आले, आणि रिचर्ड निक्सन यांच्याकडून एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले. पाच आठवडे आधी ते बोलले असते तर? हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

२०२४ ला जो बायडन यांच्या जागी कमला हॅरिस आल्या, ते नियमाला धरून होतं का?

होतं. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली. उमेदवाराने माघार घेतली की त्याचे प्रतिनिधी मोकळे होतात. नाव यादीत यायला तीनशे प्रतिनिधींच्या सह्या लागत होत्या. तेवढ्या फक्त हॅरिस यांनी जमवल्या. ओहायोतल्या अर्जाच्या मुदतीचं कारण देऊन मतदान अधिवेशनाआधीच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ऑनलाइन घेतलं गेलं. शिकागोत संगीताच्या तालावर राज्यांची नावं पुकारली गेली ती केवळ समारंभापुरती.

नियमाला धरून होतं म्हणजे पुरेसं होतं असं नाही. वेळ खरंच कमी होता. तरीही दोन-तीन जणांना प्रतिनिधींसमोर उभं करून प्रश्न विचारता आले असते. जाहीरनामा तर बायडन यांच्या माघारीआधी लिहिलेला, तसाच मंजूर झाला. त्यात त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीचे उल्लेख जागोजागी राहिले. हजारो प्रतिनिधींच्या सभेने तो स्वीकारला, आणि उमेदवाराचं नाव बदलायलाही कुणी उभं राहिलं नाही.

दुसरीकडे फार वेगळं नव्हतं. २०२० ला रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामा केलाच नाही. २०२४ ला मिलवॉकीत केला तो सोळा पानांचा, समितीची बैठक पत्रकारांना बाहेर ठेवून झाली, आणि गर्भपातविरोधी मंडळींची दुरुस्त्या मांडू न दिल्याची तक्रार राहिली. समितीत ८४ विरुद्ध १८ मतं पडली. त्या अठरा जणांशी माझे विचार जुळत नाहीत, पण त्यांना बोलू द्यायला हवं होतं.

शिकागोत २०२४ ला गाझावरून काय वाद झाला?

प्रायमरीत सात लाखांहून जास्त मतदारांनी बायडन यांना मत न देता ‘अनकमिटेड’ (म्हणजे कुणालाच बांधील नाही) किंवा तत्सम पर्यायाला मत दिलं होतं. त्याची सुरुवात मिशिगनमधून झाली, तिथे एकट्या राज्यात लाखाहून जास्त मतं पडली. त्यातून सुमारे तीस प्रतिनिधी निवडून आले. त्यांनी युद्धबंदीची आणि इस्रायलला शस्त्रं न देण्याची मागणी केली. ती मान्य होणार नाही हे दिसल्यावर फक्त एक मागणी राहिली: एका पॅलेस्टिनी-अमेरिकन व्यक्तीला मुख्य व्यासपीठावर काही मिनिटं बोलू द्या. जॉर्जियाच्या विधिमंडळातल्या रुवा रोमान यांचं नाव सुचवलं होतं. हमासने ओलीस ठेवलेल्या एका तरुणाचे आईवडील बुधवारी त्याच व्यासपीठावरून बोलले, आणि ते ऐकताना सभागृह रडलं, हे योग्यच झालं. पॅलेस्टिनी वक्त्याला मात्र नकार आला. त्या रात्री हे प्रतिनिधी युनायटेड सेंटरबाहेर फरशीवर बसून राहिले. आत जायचे पास गळ्यात होते.

साठ वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्येच, हेमरबाईंना निदान समितीपुढे बोलता आलं होतं.

रस्त्यावर उतरावं की आत जाऊन भांडावं?

इतिहास बघता दोन्ही लागतं, पण नियम बदलले ते आत जाणाऱ्यांनी, किंवा आत जायचा हट्ट धरणाऱ्यांनी. हेमरबाईंच्या मंडळींनी नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. बाहेरच्यांमुळे देशाचं लक्ष गेलं, आतल्यांमुळे ठराव लिहिला गेला.

आपली मराठी माणसं यात कुठे आहेत?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले आहेत, आणि डेमोक्रॅटिक खासदार म्हणून ते आपोआप प्रतिनिधी ठरतात. पण त्यासाठी खासदार व्हावं लागत नाही. मतदार असलेला, म्हणजे नागरिकत्व घेतलेला कुणीही आपल्या मतदारसंघातून प्रतिनिधीपदासाठी अर्ज करू शकतो. निवडून आलात तर विमान, हॉटेल बहुधा स्वतःच्या खर्चाने. गणेशोत्सवाची वर्गणी आणि जेवणावळ ज्यांनी उभी केली आहे, त्यांना मतदारसंघातल्या शेदोनशे माणसांना फोन करणं जड नाही.

भारतात असं का होत नाही?

एके काळी व्हायचं. १९०७ ला सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन अध्यक्षाच्या निवडीवरूनच उधळलं गेलं, टिळक व्यासपीठावर बोलायला उभे होते आणि जोडा भिरकावला गेला. विषय नियामक समितीत रात्र रात्र ठरावांवर उपसूचना येत. आज तिकीट कुणाला हे वरून ठरतं, आणि अधिवेशनात ठराव येतो तो टाळ्यांसाठी. त्यामुळे इथल्या फुग्यांना नावं ठेवताना मी जरा थांबतो.

पुढच्या वेळी टीव्हीवर नेमकं काय बघू?

रात्रीची मोठी भाषणं सगळेच दाखवतात. तुम्ही पहिल्या दिवशीचं सुरुवातीचं कामकाज बघा. सी-स्पॅन हे चॅनल सगळं न कापता दाखवतं. समित्यांचे अहवाल तेव्हा येतात, खुर्च्या निम्म्या रिकाम्या असतात. आवाजी कौल घेतला की ‘नाही’ म्हणणाऱ्यांकडे कान ठेवा, आणि व्यासपीठावरचा माणूस किती थांबतो ते बघा. कुणी उभं राहून माईक मागितला, तर तो चालू होतो का, हेही बघा. आणि त्याआधी एकदा हेमरबाईंची साक्ष ऐका. ध्वनिमुद्रण सहज मिळतं. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. समितीपुढे बसून त्या स्वतःचं नाव आणि पत्ता ज्या ठाम आवाजात सांगतात, तिथून ऐकायला लागा.